निवटीच्या घराला दारे किती

शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. दाभोळच्या खाडीकाठी, तिवरांच्या रांगेपासून तीस पावले आत, चिखलावर मी प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट ठेवली होती. प्रत्येक बाजू एक मीटर. टॉर्चच्या उजेडात आतली भोके फेरतपासणीसाठी दोनदा मोजली आणि वहीत नोंदवले : चौकट क्रमांक ११, भोके ६. पेन खिशात जाण्याआधीच मागून आवाज आला.

"सहा कुठली गो? दोन हायत."

बोलणारी बाई साठीच्या पुढची होती. लुगडे गुडघ्यांवर खोचलेले, कमरेला झाकणाची टोपली, पायांत काही नाही. ती या चिखलातून हाताने निवट्या धरते आणि बाजारात विकते. तीन महिने आम्ही एकाच ओहोटीला एकाच खाजणात, भरतीला बुडणाऱ्या या चिखलपट्ट्यात, काम करत होतो. मी तिला मावशी म्हणत असे, ती मात्र "आली काय चौकट?" एवढे स्वतःशीच बोलून पुढे जात असे.

"मी दोनदा मोजली, मावशी. सहाच आहेत."

"भोकं सहा. निवट्या दोन. तू काय भोकांचं कालवण करणार हायस?"

मी हसले नाही. कारण ती म्हणत होती ते खरे असेल तर माझा तीन महिन्यांचा हिशेब खोटा ठरत होता, आणि तो दुरुस्त करायला माझ्याकडे दोन दिवस आणि दोन ओहोट्या उरल्या होत्या.

निवटी हा मासा आहे यावर बाहेरच्या माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. पाणी ओसरले की बाकीचे मासे पाण्यामागे जातात; निवटी चिखलावर राहते, पुढच्या परांवर भार देऊन चालते, शेपटीच्या झटक्याने उडी मारते. कातडी ओली असेपर्यंत ती कातडीतूनच श्वास घेते. डोळे डोक्याच्या वर आलेले असतात. ते कोरडे पडू लागले की ती ते खोबणीत ओढून ओले करून घेते, म्हणजे पापणी नसताना डोळे मिटते. पाणबुडा हवा घेऊन पाण्यात उतरतो. निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी घेऊन हवेत येते. खरवडून खाण्याजोगा शेवाळाचा पातळ थर जिथे असतो तिथे ती डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकते, आणि मागे चिखलावर अर्धवर्तुळांची एक नक्षी राहते. तीन महिन्यांत मी ही नक्षी शेकडो वेळा पाहिली असेल. तिचा कंटाळा आला नाही.

अशा नवलांची सवय मला वडिलांनी लावली. अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वसाहतीत ते कारकून होते. वर्तमानपत्रातली 'आश्चर्य' सदरातली चौकट ते रोज कापून मला देत आणि मी ती जुन्या रजिस्टरात चिकटवत असे. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. वॉम्बॅटची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांसारखी पडते. एवढ्या उंच जिराफाच्या मानेत आपल्याइतकेच सात मणके. आफ्रिकेतला एक छोटा पक्षी माणसाची विशिष्ट हाक ऐकून त्याला मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. ब्राझीलच्या किनाऱ्यावर डॉल्फिन मासळी कोळ्यांकडे हाकतात आणि कोळी त्यांच्या हालचालीच्या इशाऱ्यावर जाळे फेकतात. बाबा प्रत्येक कात्रणाखाली एकच प्रश्न लिहीत : 'कसे समजले?' बातमीत तो तपशील कधी नसे. तो मिळवण्याच्या हट्टातून मी प्राणिशास्त्राकडे आले. आमच्या घरात शिक्षण ही शोभेची गोष्ट नव्हती. ते माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर उमेदीने हातात धरलेले साधन होते, आणि ते बोथट होऊ न देणे हे माझे काम होते. निवट्यांचे कालवण मात्र मी लहानपणापासून खात होते आणि त्या रजिस्टरात निवटीवर एक ओळही नव्हती.

आता प्रश्न शिष्यवृत्तीचा होता. परदेशातली एक संस्था चिखलात राहणाऱ्या माशांवर दोन वर्षे काम करू देणार होती. वयाच्या अटीमुळे हे माझे शेवटचे वर्ष. अर्ज रविवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होता आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले होते की दाभोळच्या या खाजणात निवट्यांची वस्ती असामान्य दाट आहे : प्रति चौरस मीटर ५.६. चाळीस चौकटी, दोनशे चोवीस भोके, प्रत्येक भोकात एक निवटी असे धरून. एका बिळाला एकाहून अधिक तोंडे असू शकतात हे मी वाचलेले होते. सप्टेंबरमधल्या नोंदीशेजारी 'पडताळणे' असा शेराही होता. तार आत घालून पाहिली, ती वळणावर चिखलात रुतली, आणि मी पुढच्या चौकटीकडे गेले. तो शेरा मी पुन्हा वाचला नाही.

"दाखवा," मी म्हणाले.

मावशीने उजवी टाच एका भोकावर ठेवली आणि सावकाश भार दिला. दोन वितींवर असलेल्या दुसऱ्या भोकात पाणी फुगले, काठापर्यंत आले आणि सांडले. तिसऱ्याही भोकात तसेच. बाकीच्या तिन्ही भोकांत काही हालले नाही.

"ही तीन तोंडं एका घरची." तिने टाच दुसरीकडे ठेवली. या वेळी एकाच भोकात पाणी वर आले. "ही दोन एकीची. आन् ह्ये उरलंय ना, ती कुर्ली. तोंडाशी गोळ्या बघ. निवटी गोळ्या वळत बसत नाय."

खरोखरच त्या भोकाभोवती चिखलाच्या बारीक गोळ्यांची रांगोळी होती. तीन अधिक दोन अधिक एक. सहा भोके, दोन निवट्या, एक खेकडा.

मग तिने चौकटीबाहेरच्या एका बिळाच्या एका तोंडात पाय घातला, दुसऱ्या तोंडात कोपरापर्यंत हात, आणि निवटी वर काढली. ती हाताच्या दिशेनेच पळून आली होती, कारण दुसरी वाट पायाने बंद होती. मी घड्याळ पाहिले : अकरा सेकंद. निळसर ठिपक्यांची ती विलक्षण देखणी वस्तू टोपलीत गेली. मार्गशीर्षातला गुरुवार पाळणारी घरे शुक्रवारी मासळीवर तुटून पडतात. तिला बोलत उभे राहायला वेळ नव्हता.

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कधी? मला वाटलं, सरकारला भोकंच मोजून हवी असतील. सरकारचा काय नेम."

काठावर येऊन मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्या दापोलीत असतात, स्पष्ट बोलतात आणि माझे भले चिंततात. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"दोनाने भाग दे आणि 'अंदाजे' लिही. प्रश्न मिटला."

"मॅडम, तोंडं सारखी नाहीत. कुठे दोन, कुठे तीन, काही कुर्ल्यांची. दोनाने भागलं तर २.८ येतं, पण ते मी मोजलेलं नसेल."

"मग ५.६ तसंच ठेव आणि ते बिळांच्या तोंडांचं मोजमाप आहे असं तळटीपेत लिही. खोटं काही नाही त्यात."

"पहिल्या परिच्छेदात 'दाट वस्ती' म्हटलंय. तळटीप कोण वाचतं?"

"हे बघ, आकडा निम्म्यावर आला तर तुझ्या अर्जात वेगळं असं काय राहतं? याहून दाट वस्ती जगात कुठेही मिळेल. निवड करणारे तेच बघणार. तुझा निर्णय तू घे, पण उगाच हुतात्मा होऊ नकोस."

त्या चुकीचे काही बोलत नव्हत्या. तेवढ्यानेच निर्णय अवघड झाला होता.

दुसरी अडचण तारखेची होती. सहा डिसेंबरला बाबा आणि मी दरवर्षी दादरला जातो. आमच्या वस्तीतून शुक्रवारी दुपारी गाडी निघते. रात्र रांगेत जाते, सकाळी चैत्यभूमीवर माथा टेकतो, पुस्तकांच्या गाळ्यांवर दोन तास फिरतो आणि परततो. मी सातवीत असल्यापासून एकदाही चुकलेले नव्हते. पुन्हा मोजणी करायची तर शनिवार आणि रविवार या दोनच सकाळच्या ओहोट्या होत्या. फोन करताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे बाबांनी लगेच ओळखले.

"काय चुकलं?"

मी सांगितले. भोके, टाच, तीन तोंडे, सगळे.

"म्हणजे त्या बाईंना कसं समजतं ते तुला समजलं," ते म्हणाले. 'कसे समजले' हा त्यांचा जुना प्रश्न. त्याचे असे उत्तर मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "मग आता अडलंय कुठे?"

"उद्या सहा तारीख आहे, बाबा."

"अगं, रांगेत उभं राहायचं ते मी राहतो. तू चिखलात उभी राहा. उभं राहण्याशी मतलब." पलीकडे गाडीत सामान चढवणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. "आणि दोनाने भागू नकोस. ज्यांच्यासाठी चाललोय त्यांनी आकडे असे भागून लिहिले असते काय?"

दापोलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून निघून मी शनिवारी पहाटे एसटीने पुन्हा दाभोळला उतरले. भ्रमणध्वनीवरच्या तक्त्याप्रमाणे ओहोटीची वेळ साडेसातची होती. मावशी तक्ता बघत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीया म्हणजे दीड वाजता भरती, साडेसातला ओहोटी. ती चालता चालता हे करते. मी पंधरा दिवस तिची यायची वेळ आणि तक्ता शेजारी शेजारी लिहून पाहिले होते. फरक कधीच अर्ध्या तासावर गेला नव्हता. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्या खगोलशास्त्राचे हे सार होते, आणि ते काढायला तिला कागदही लागत नव्हता.

"ते बूट काढ आधी," तिने मला पाहताच सांगितले.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हा माझ्या शिस्तीचा भाग होता. चिखलात कालवांच्या शिंपा असतात, त्या कापतात. पण बुटातून टाचेला काहीच कळत नाही, आणि ही सगळी पद्धत टाचेची होती. तीन महिने मी या चिखलावर उभी होते आणि एकदाही त्याला पाय लावला नव्हता. बूट काढले. पहिल्या वेळी भार जास्त पडला आणि मी पोटरीपर्यंत आत गेले.

"घर पाडलंस गो तिचं! हळू. पोराला झोपवताना थोपटतात ना, तसा भार दे."

"बिळाचं नुकसान होतं का यानं?"

"पुढल्या भरतीला लिपून घेतात. आपल्यापरीस कामसू हायत त्या."

एक करार करावा लागला. मोजणीच्या चौकटीत धरायचे नाही, अशी माझी अट होती.

"बरं. चौकटीत तुजं राज्य, चौकटीभायेर माजं," ती म्हणाली, आणि ते तिने काटेकोर पाळले. चौकटीपासून हातभर अंतरावर एक मोठी निवटी पर उभारून बसली होती. मावशीने आधी वाकून चौकटीची नळी कुठे आहे ते पाहिले आणि मगच हात टाकला.

पद्धत एकाच व्यक्तीच्या अंगात असेल तर विज्ञानात तिचा उपयोग मर्यादित असतो. दुसऱ्याला शिकता आली आणि दोघांची उत्तरे जुळली तरच ती पद्धत. म्हणून दहा चौकटी आम्ही एकमेकींना न सांगता वेगवेगळ्या मोजल्या. नऊ जुळल्या. दहाव्या चौकटीत माझे उत्तर तीन, तिचे दोन. तिने पुन्हा टाच दाबली, मान वाकडी करून पाहिले, आणि दूरच्या कोपऱ्यातले एक भोक कोणत्याही दाबाला दाद देईना तशी म्हणाली, "चुकले गो. ही एकटीच राहते. नवरा सोडलेली दिसतेय." मी तीन लिहिले. तिची चूक सापडल्याचा मला झालेला आनंद जरा जास्तच होता, हेही नोंदवून ठेवते.

त्याच सकाळी, अठराव्या चौकटीजवळ, मी तिला विचारले की टाच दाबायला काही दिवसांत मनाई असते का. प्रश्न पद्धतीच्या मर्यादांसाठी होता.

"पावसात जपायचं. टाच दाबलीस आन् पाण्याबरोबर मोठा बुडबुडा आला, तर पाय काढायचा. त्या घरात हात घालायचा नाय. तिवराची काडी रोवायची तोंडाशी, म्हणजे दुसरी कुणी आली तर तिला कळतं."

"का?"

"आत अंडी असतात. सासूनं सांगितलेलं. बुडबुडा म्हणजे पोटुशी, असं म्हणायची. काडीचं घर सगळ्याजणी सोडतात. कुणी नाय सोडलं तर तिच्याशी खाजणात बोलायला कुणी जात नाय."

मी टॉर्च बंद करायची विसरले होते, ती तेव्हा बंद केली. निवटीविषयी जगाने लावलेला सर्वांत सुंदर शोध मला ठाऊक होता. तो वाचताना मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. बिळाच्या तळाशी, जिथे चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे निवटीची अंडी एका घुमटाच्या छताला चिकटलेली असतात. ती बुडून गुदमरू नयेत म्हणून मासा ओहोटीच्या वेळी वर येतो, तोंडात हवा भरतो, आत नेऊन त्या घुमटात सोडतो, पुन्हा वर येतो. एक मासा, पाण्याखालच्या खोलीत, तोंडातोंडाने हवा वाहून नेतो. हे सिद्ध करायला माणसांना बिळात बारीक नळ्या आणि कॅमेरे घालावे लागले. दाभोळच्या या बायकांना त्या घुमटातली हवा टाचेखाली लागत होती. तिचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. पण ती असताना काय करायचे, ते त्यांनी ठरवले होते आणि ठरवलेले पाळले होते.

मी तिला तोंडाने हवा वाहण्याची गोष्ट सांगितली. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"तोंडानं? दर खेपेला?"

"हो."

"आन् आम्ही बाळंतिणीला नुसता डिंकाचा लाडू देतो," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या भोकांकडे पाहत राहिली.

जपानमधल्या एका उथळ उपसागरात माणसे फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून घसरत जातात आणि निवटीच्या चुलत भावंडांना लांब दोरीच्या गळाने दुरून टिपतात, हेही मी तिला सांगितले. तिला ते विशेष वाटले नाही. "गळ कशाला? दारं माहीत नसतील त्यांना."

शनिवारी अठरा चौकटी झाल्या, चव्वेचाळीस बिळे. दापोलीच्या खोलीवर परत येऊन मी अर्जाचा पहिला परिच्छेद उघडला. 'असामान्य दाट' हे शब्द काढले. त्यांच्या जागी काय लिहायचे हे ठरवायला एक तास लागला. शेवटी मी लिहिले की या खाजणातल्या वस्तीची घनता साधारण आहे. पण इथे हाताने मासे धरणाऱ्या स्त्रियांकडे बिळांची तोंडे जोडून ओळखण्याची एक अचूक पद्धत आहे, विणीची बिळे ओळखून सोडण्याचा एक पाळला जाणारा नियम आहे, आणि या दोन्हींची शास्त्रीय तपासणी कुठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही. मॅडमना मसुदा पाठवला. त्यांचे उत्तर चार शब्दांचे होते : 'धोका आहे. पण पाठव.'

रविवारी ओहोटी सव्वाआठची. बावीस चौकटी बाकी होत्या आणि पाणी परतण्याआधी फार तर दोन तास मिळणार होते. मावशीने टोपली तिवराच्या फांदीला अडकवली. त्या दिवशी तिने एकही निवटी धरली नाही, मी विचारले तेव्हा म्हणाली, "आज रविवार, गिऱ्हाईक मटणाला जातं." ते खरे असेलही. एकेक चौकट मी ठेवायची, एका बाजूने तिने टाच द्यायची, दुसऱ्या बाजूने मी, आणि उत्तर मोठ्याने. दोन. तीन. दोन. कुर्ली, सोडून दे. एक. चार, चारच गो, बघ नीट. शेवटच्या तीन चौकटींच्या वेळी पाणी घोट्यापर्यंत आले होते. भोकांतून फुगून येणारे पाणी आणि भरतीचे पाणी वेगळे ओळखणे अवघड होत चालले होते. चाळिसाव्या चौकटीवर ती म्हणाली, "आता बास. आता जे सांगशील ते खोटं निघंल." मी तिची आणि माझी, दोघींची उत्तरे पडताळली; दोन आणि दोन. चौकट उचलली.

काठावर पाय धुताना मी तिला विचारले की अर्जात पद्धत कोणाची म्हणून लिहू.

"माजं नाव कशाला? माज्या सासूचं घाल. तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. किती जणींची नावं घालणार हायस? कागद पुरायचा नाय."

मी 'दाभोळ खाडीतील निवट्या धरणाऱ्या स्त्रिया' असे लिहिले आणि तो मजकूर तिला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती केली : 'दाभोळ' नको, तिचे माहेर पलीकडच्या तीरावर आहे आणि तिथेही असेच धरतात, दोन्ही तीर लिही. मी 'दाभोळ खाडीच्या दोन्ही तीरांवरील' असे केले.

दापोलीला परतीच्या गाडीत मी बेरीज केली. शनिवारी चव्वेचाळीस, रविवारी बावन्न. एकूण शहाण्णव बिळे, चाळीस चौकटी. खोलीवर येऊन ती पुन्हा दोनदा केली. दुपारी चार वाजून सदतीस मिनिटांनी, अर्ज बंद व्हायला तेवीस मिनिटे असताना, मी पहिल्या पानावरच्या त्या रकान्यातला जुना आकडा खोडला आणि नवा भरला.

प्रति चौरस मीटर : २.४